पहिले दोन औषधाला

भीती सेकंदांत मोजतात. उंदराला एक सूर ऐकवायचा, सुराच्या शेवटी पायाखालच्या जाळीतून विजेचा हलका झटका द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी नुसता सूर ऐकवून तो किती सेकंद थिजून उभा राहतो ते पाहायचे. मग तोच सूर झटक्यावाचून वीस-पंचवीस वेळा ऐकवला की आता काही होत नाही अशी त्याची हळूहळू खात्री पटते. याला भीती विझवणे म्हणतात. विझलेली भीती दुसऱ्या दिवशी विझलेलीच राहते का, हा या प्रयोगशाळेचा तीस वर्षांचा प्रश्न होता. ती तशी राहावी म्हणून सरांनी शोधलेले औषध हे तीस वर्षांचे उत्तर. प्रश्न आणि उत्तर दोन्ही नर उंदरांना विचारलेले होते.

माद्या का नाहीत, याचा खुलासा सरांच्या पहिल्या निबंधात एका वाक्यात होता: माद्यांचे चक्र चार दिवसांचे असते, संप्रेरके रोज बदलतात, त्यामुळे आकडे विखुरतात. पुढच्या चाळीस निबंधांतही तेच वाक्य होते, आणि आधार म्हणून पहिल्या निबंधाचा हवाला होता. भीतीचे आजार पुरुषांपेक्षा बायकांना साधारण दुपटीने होतात, हेही याच निबंधांच्या पहिल्या परिच्छेदात न चुकता सांगितलेले असे. पहिल्या परिच्छेदात बायका, दुसऱ्यापासून नर उंदीर. सांधा इतका सफाईदार होता की तीस वर्षांत एकाही परीक्षकाची बोटे त्यावर अडखळली नाहीत.

मग अनुदान देणाऱ्या मंडळाने अट घातली की दोन्ही लिंगांचे प्राणी वापरावेत. सरांनी अट वाचली, सुस्कारा सोडला आणि माद्या धाकटीच्या गळ्यात मारल्या.

धाकटी ही प्रयोगशाळेत सर्वांत शेवटी आलेली संशोधक, म्हणून तिला सगळे धाकटी म्हणत. चार वर्षांत तिच्यामागून कोणी आले नाही, त्यामुळे बढतीचा प्रश्न उद्भवला नाही. तिचा प्रबंध पाच प्रकरणांचा होता. तिसरे प्रकरण माद्यांचे. शुक्रवारी दुपारी चार वाजता कचेरीची खिडकी बंद होण्याआधी सरांच्या सहीच्या फॉर्मसह प्रबंध तिथे पोचला नाही, तर तिची नोंदणी रद्द होणार होती. सोमवारी सकाळी सरांनी तिला बोलावले.

"तिसरं प्रकरण काढ," सर म्हणाले. "काढ म्हणजे अगदी फेकून दे असं नाही. परिशिष्टात टाक. दोन ओळी. माद्यांमध्ये निष्कर्ष अनियमित आढळले, एवढं पुरे."

"अनियमित नाहीयेत, सर."

"माद्यांवर औषध चाललं?"

"नाही."

"नरांवर?"

"चाललं. तुमच्या नरांवर चालतं तसंच माझ्याही नरांवर चाललं."

"मग अनियमित कोण, मी?"

"औषध घडीभर बाजूला ठेवा, सर. ज्या माद्यांची भीती विझवताना इस्ट्रोजेन चढलेलं होतं, त्यांच्यात ती दुसऱ्या दिवशीही विझलेली राहिली. उतरलेलं होतं त्यांच्यात परत आली. अठ्ठेचाळीस माद्या एकत्र टाकल्या तर विखुरलेल्या दिसतात. दिवसावारी लावल्या तर दोन नीट ढीग पडतात."

"अगं, हे म्हणजे पंचांग झालं. मी पेशंटला काय सांगू, तारीख बघून घाबरा?"

"डॉक्टरला सांगता येईल, तारीख बघून उपचार करा."

सर खुर्चीत मागे रेलले. ते वाईट शिक्षक नव्हते. त्यांना वाद आवडत असे, फक्त तो कोण जिंकणार हे आधी ठरलेले असावे लागे. "हे बघ. नर कसे, सरळमार्गी. एका जागी राहतात. माद्यांचं काही सांगता येत नाही, आणि ज्याचं सांगता येत नाही त्याचं शास्त्र होत नाही. माझे नर तुझ्या माद्यांइतके विखुरलेले आहेत असं दाखव, मी डोळे मिटून सही करतो. नाहीतर परिशिष्ट. शुक्रवारपर्यंत वेळ आहे तुला."

हे ते हसत हसत म्हणाले. माणसाला ज्याची पूर्ण खात्री असते, ते तो असेच हसत पणाला लावतो.

धाकटी प्राणीगृहात गेली. तिथे मावशींचे राज्य होते. पिंजरे धुणे, भुसा बदलणे, दाणापाणी ही त्यांची नेमून दिलेली कामे. प्रत्येक गोष्टीवर मत देणे हे त्यांनी आपणहून पत्करलेले. रोज सकाळी नऊला मावशी मादीला पाठीवर झोपवून एका हातात धरत, धाकटी ड्रॉपरने मिठाच्या पाण्याचा एक थेंब योनीत सोडून परत ओढून घेई, काचपट्टीवर पसरी आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाही. गोल, ठळक केंद्राच्या पेशी दिसल्या की इस्ट्रोजेन चढलेले. सुकल्या पानांसारखे पातळ तुकडे दिसले की चढून गेलेले. बारीक ठिपक्यांचा गर्दा दिसला की उतरलेले. अठ्ठेचाळीस माद्या, दोन वर्षे, एकही सुट्टी नाही. सरांचे चढउतार बघण्यासाठी अशी काचपट्टी नव्हती. ते अनुदानाच्या पत्रांवर चालत आणि त्यांना कोणी चक्र म्हणत नसे.

"चेहरा का पडलाय?" मावशींनी विचारले.

"सर म्हणतात, माद्या काढा."

"मग नर तरी कशाला ठेवतात? त्यांनाही सोडा म्हणावं. आपण दोघी कागदाचे उंदीर करून त्यांना सूर ऐकवू."

धाकटी हसली आणि संगणक उघडून बसली. सरांनी मागितलेले गणित वास्तविक दहा मिनिटांचे होते. ते तीस वर्षांत कोणी केले नव्हते, याला कारण एवढेच की उत्तर सर्वांना ठाऊक होते. तिने आपल्या अठ्ठेचाळीस नरांचे सेकंद एका ओळीत मांडले, सरासरीपासून प्रत्येक जण किती लांब आहे ते काढले, मग माद्यांचे काढले. पुन्हा काढले. जेवणाच्या सुट्टीत तिसऱ्यांदा काढले. नर माद्यांपेक्षा अधिक विखुरलेले होते. थोडेथोडके नाहीत, जवळजवळ दीडपट.

पैज जिंकल्याचा आनंद तिला संध्याकाळपर्यंतच पुरला. माद्यांच्या विखुरण्याला कारण होते आणि ते तिने काचपट्टीवर पाहिले होते. नरांना चक्र नाही, ऋतू नाही, एकाच वयाचे, एकाच वजनाचे. मग हे सरळमार्गी गृहस्थ इतके इकडेतिकडे का?

मंगळवारी सकाळी तिने मावशींना विचारले, "नरांच्या प्रत्येक पिंजऱ्यात एक तरी असा निघतो की त्याला भीतीच नसते, आणि एक असा की सूर संपला तरी हलत नाही. हे कसं काय?"

"पंख्यामुळे," मावशी म्हणाल्या. "पंख्याखालचे पिंजरे भित्रे."

धाकटीने तपासले. पंख्याचा काही संबंध नव्हता.

"मग डाव्या रॅकमुळे. तिकडचे जन्मतःच आडमुठे."

तेही तपासले. डावा रॅक निर्दोष होता. मावशींच्या दहा सिद्धांतांपैकी नऊ असेच निघत. सरांपेक्षा त्यांचे वेगळेपण इतकेच की खोटा ठरलेला सिद्धांत त्या पुन्हा वापरत नसत.

"मग मुकादम," मावशी भुसा चाळत म्हणाल्या.

"कोण मुकादम?"

"अगं, चार नर एका पिंजऱ्यात कोंबले की त्यातला एक मुकादम होतो. आधी तो खाणार, मग बाकीचे. बाकीच्यांच्या पाठीवर चावे बघ, त्याच्या पाठीवर एक सापडायचा नाही. आणि झाकण काढलं की हाच आधी पुढे येतो, हात हुंगायला. शेवटचा जो असतो तो कोपऱ्यात भुशात तोंड खुपसून. त्याला काढायला मला कोपरापर्यंत हात घालावा लागतो."

धाकटीने लिहायचे थांबवले. तिची नजर दाराशेजारच्या भिंतीकडे गेली. तिथे तीस वर्षांपूर्वी सरांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेला सूचनाफलक होता, काचेत मढवलेला. कलम चौथे: 'नरांची यदृच्छा निवड. पिंजऱ्यातून हाताला येईल तो उंदीर क्रमाने काढावा. पहिले दोन औषधाला, पुढचे दोन मिठाच्या पाण्याला.'

यदृच्छा म्हणजे आपोआप, कोणाच्या इच्छेवाचून. हाताला येईल तो उंदीर घेणाऱ्याला वाटते की निवड आपण केली नाही, आणि ते खरेच असते. निवड उंदराने केलेली असते. तीस वर्षे, आणि तिच्या स्वतःच्या प्रयोगातही, धीट नर आपणहून औषधाकडे चालत आले होते. कोपऱ्यातल्या भेदरलेल्यांना तुलनेसाठीचे नुसते पाणी मिळाले होते. मग कोणाची भीती विझली आणि कोणाची राहिली ते मोजून औषधाला शाबासकी देण्यात आली होती.

आणि माद्यांवर औषध का चालले नाही, हेही तिला त्याच क्षणी कळले. माद्या हाताला येतील तशा काढता येत नव्हत्या. प्रत्येकीच्या चक्राचा दिवस पाहून, त्या त्या दिवसाच्या माद्यांमध्ये तिने एका रिकाम्या खोक्यातून चिठ्ठ्या उचलल्या होत्या. अनियमित म्हणून ज्यांना घालवायचे ठरत होते, त्याच तेवढ्या इमारतीत नियमाने निवडलेल्या होत्या.

"मावशी, हे तुम्ही कधी कोणाला सांगितलं नाही?"

"सांगितलं की. सरांनाच सांगितलं, तेव्हा त्यांचे केस काळे होते. म्हटलं, सर, पहिला येतो तो नेहमी तोच असतो."

"मग?"

"म्हणाले, मावशी, उंदीर ओळखू येण्याइतका वेळ तुम्हाला मिळतो म्हणजे कामं कमी पडताहेत. दुसऱ्या दिवसापासून खिडक्याही पुसायला लावल्या."

पुढचे तीन दिवस दोघींनी पैजेच्या पलीकडचे काम केले. प्रयोगात नसलेल्या नरांचे सहा पिंजरे घेतले. दिवसातून दोनदा झाकण काढायचे, मावशींनी डोळे बांधून हात घालायचा, कोण कितवा आला ते धाकटीने शेपटीवरच्या शाईच्या खुणेवरून लिहायचे. नशिबावर सोडले तर एखादा नर सहा वेळांत दीड वेळा पहिला यावा. पाच पिंजऱ्यांत एकच नर सहापैकी पाच वेळा किंवा सहाच्या सहा वेळा पहिला आला. सहाव्या पिंजऱ्यात दोघांचे भांडण अजून मिटले नव्हते.

मग तिने प्रयोगातल्या नरांचे गोठवून ठेवलेले रक्त काढून टेस्टोस्टेरॉन मोजले. पिंजऱ्यातून काढल्याच्या क्रमाने त्यांना तेव्हाच नंबर पडले होते: एक नंबरच्या नरांत सर्वांत जास्त, दोनमध्ये त्याहून कमी, तीनमध्ये आणखी कमी, चारमध्ये तळाला. भीतीचे सेकंद बरोबर उलटे. औषध खरेच चालत असते तर दोन आणि तीन यांच्यामध्ये कडा दिसायला हवा होता. तिथे फक्त पुढची पायरी होती, आधीच्या पायरीएवढीच. पाणी मिळालेल्यांतही तिसरा चौथ्यापेक्षा धीट होता.

बुधवारी आईचा फोन आला. आईला दोन वर्षांपासून, पाळी थांबल्यापासून, लिफ्टमध्ये धडधडत असे. आयुष्यभर सहाव्या मजल्यावर राहून हे नव्याने सुरू झाले होते.

"झाली का ग सही?"

"शुक्रवारी. तू डॉक्टरकडे गेलीस का?"

"गेले. म्हणाले, या वयात होतं. म्हटलं, कोणत्या वयात होतं ते मलाही माहितीये, का होतं ते सांगा. तर पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मी जिन्याने चढते आता. गुडघे म्हणतात, आम्हीही थांबतो."

"आई, बायकांवर हे कोणी नीट तपासलेलंच नाही."

"मग तू काय करतेस तिकडे चार वर्षं?"

"उंदीर धरते," धाकटी म्हणाली.

"धर, धर. घट्ट धर," आई म्हणाली आणि जिन्याच्या धापेतच फोन ठेवला.

शुक्रवारी दुपारी तीनला धाकटीने सरांपुढे दोन कागद ठेवले. पहिला पैजेचा. सरांनी तो वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

"ठीक. विखुरतात. तुझ्या हाताळणीत काहीतरी गडबड असेल."

"म्हणून दुसरा कागद, सर."

दुसऱ्या कागदाला त्यांना दहा मिनिटे लागली. त्या दहा मिनिटांत त्यांच्या चेहऱ्याने बराच प्रवास केला. विद्वत्तेच्या क्षेत्रात त्याला पुनर्विचार म्हणतात, पिंजऱ्यात त्याला सेकंद लावतात.

"डोळे बांधले तरी मावशींना सवयीने उंदीर ओळखता येत असतील," अखेर ते म्हणाले.

"तुम्ही स्वतः काढून बघा."

हे तिने जाणूनबुजून केले. सरांनी पंधरा वर्षांत पिंजऱ्यात हात घातला नव्हता, पण प्रयोगाला नाही म्हणणे त्यांच्या रक्तात नव्हते. ते तडक उठले, कोट काढला आणि प्राणीगृहात आले. मावशींनी स्टूल पुढे केले. सर त्यावर बसले, बाह्या सारल्या, आणि धाकटीने दाखवलेल्या पिंजऱ्यात हात घातला.

"पहिला," धाकटीने शेपटी पाहून लिहिले. "दोन रेघा."

उंदीर परत आत गेला. भुसा हलवला. सरांनी हात घातला. दोन रेघा. तिसऱ्यांदा सरांनी हात मुद्दाम कोपऱ्याकडे नेला. दोन रेघांचा नर मनगटावरून चालत आला आणि मुठीत बसला.

"सर, मुद्दाम टाळू नका," मावशी म्हणाल्या. "हाताला येईल तो घ्यायचा असतो."

चौथ्यांदा दोन रेघा. पाचव्यांदाही. सर सहाव्यांदा हात घालायच्या ऐवजी तसेच बसून राहिले, उंदीर हातात, आणि भिंतीवरच्या आपल्याच अक्षराकडे बघू लागले. मावशींनी खिडक्यांचा विषय काढला नाही, आणि यासाठी त्यांना किती कष्ट पडले ते त्यांच्या ओठांवरून दिसत होते.

"चाळीस निबंध," सर हळू म्हणाले.

"एक्केचाळीस, सर. पहिला धरून."

मग सरांचा चेहरा सावरला. धाकटीने हे याआधी दोनतीनदा पाहिले होते: एखादी गोष्ट खोडून काढता येत नाही असे दिसले की सर तिचे यजमान होत. "फॉर्म आण. तिसरं प्रकरण राहू दे. शब्दाचा पक्का आहे मी. हा दुसरा कागद मात्र..."

"तोही प्रबंधात आहे, सर. काल रात्री चौथ्या प्रकरणात घातला."

"काढ म्हणत नाही मी. उलट हा फार मोठा मुद्दा आहे. क्षेत्रच हलेल. म्हणून म्हणतो, हा आधी स्वतंत्र निबंध म्हणून जाऊ दे, पहिलं नाव माझं, तुझं दुसरं. मग टाक प्रबंधात."

धाकटीने त्यांच्याकडे पाहिले. चूक तीस वर्षे त्यांची होती आणि आता तिचा शोधही त्यांनाच हवा होता. मालकीत खंड पडू द्यायचा नाही, हा त्यांचा बाणा निदान सुसंगत होता. घड्याळात साडेतीन झाले होते. तिला वाटले होते की या क्षणी आपला आवाज चढेल. तो उलट खाली आला, थंड आणि नीट.

"नाही, सर. प्रबंधावर नाव एकच असतं. तुमचं नाव आत आहे. बावीस वेळा. प्रत्येक ठिकाणी निबंधाचं वर्ष आणि पान दिलंय."

"सही माझी लागते, विसरू नकोस."

"विसरले नाही. तुम्ही सोमवारी म्हणाला होतात, डोळे मिटून करतो. मावशी, ती डोळ्यांची पट्टी आहे का हो?"

मावशींनी खिशातून काढूनच दाखवली.

सरांनी पट्टीकडे पाहिले, फॉर्मकडे पाहिले. ते हसले असते तर धाकटीने त्यांना बरेच काही माफ केले असते. त्यांनी पेन मागितले. दोन रेघांचा नर त्यांच्या उजव्या हातात होता आणि तो डाव्या हातात घ्यायला गेले तर बाहीत शिरला, खांद्यापर्यंत चढला आणि काखेत स्थिरावला.

"हलू नका," मावशी म्हणाल्या. "घाबरला तर चावेल."

"मी हलत नाहीये," सर म्हणाले, आणि अगदी खरे बोलले. श्वासाखेरीज त्यांचे काहीही हलत नव्हते. त्याच अवस्थेत, कोपर न उचलता, त्यांनी फॉर्मवर सही केली.

कचेरीच्या खिडकीवर धाकटी पोचली तेव्हा चारला सहा मिनिटे कमी होती. खिडकीतल्या कारकून बाईंनी फॉर्म डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, मग जुनी फाइल काढून तिच्याशेजारी ठेवला.

"ही सरांची सही नाही वाटत. त्यांची कशी पल्लेदार असते. ही म्हणजे मुंगी शाईतून चालल्यासारखी."

"त्यांच्या बाहीत उंदीर होता."

कारकून बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बराच वेळ पाहिले. मागे रांगेत कोणी नव्हते. "तुमच्या विभागाचं काही सांगता येत नाही," त्या म्हणाल्या आणि प्रबंधाचा गठ्ठा पुढ्यात ओढून अनुक्रमणिकेवर बोट ठेवून पाने उलटू लागल्या.

"प्रकरण पहिलं, आहे. दुसरं, आहे. तिसरं..." बोट थांबले. "अठ्ठेचाळीस माद्या. हे इथे लिहिलंय तेवढं सगळं आत आहे ना? मागाहून पानं घालता येत नाहीत."

"सगळ्या आहेत," धाकटी म्हणाली. "मोजून घ्या हवं तर."

"तुम्ही मोजल्यात ना?"

"रोज."

"मग मी कशाला मोजू?" कारकून बाई म्हणाल्या आणि शिक्का मारला.